डिस्कस माशांसाठी चार फुटी टँक लावतोय, घरच्या विहिरीचं पाणी चालेल का? (फोंडा)

चिऱ्याचं_घर

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यातला, गावात जुनं घर आहे, परसात चिऱ्यांनी (जांभ्या दगडांनी) बांधलेली विहीर आणि तिला मे अखेरपर्यंत पाणी असतं. आठ वर्षं मासे पाळतोय, गप्पी मोलीपासून सुरुवात, मग एंजल, आणि आता डिस्कस ठेवायचेच असं मनात बसलंय. गेल्या मे महिन्यात म्हापशाला मित्राकडे सहा डिस्कस बघितले, बशीएवढे, मी काचेवर बोट फिरवलं तर त्यातला एक बोटाच्या मागोमाग इकडून तिकडे येत होता, डोळा माझ्यावर रोखून. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

टँकची ऑर्डर दिलीय, ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच, काच १२ एमएम. हिशोब केला तर साधारण ३४० लिटर होतात. स्टँडचं ठरत नाहीये, लोखंडी करून घेऊ की घरी चिरे शिल्लक पडलेत त्यांचाच कट्टा बांधू?

मुख्य प्रश्न पाण्याचा. नळाला ओपाच्या सरकारी योजनेचं पाणी येतं पण त्याला क्लोरीनचा वास असतो. विहिरीचं पाणी आम्ही पितो, डाळ पटकन शिजते, साबणाला फेस भरपूर, म्हणजे मऊ असणार. पण दुकानात सांगितलं की डिस्कसला आरओचंच (मशीनने क्षार काढलेलं) पाणी लागतं आणि पीएच ६ च पाहिजे, त्यासाठी पीएच डाऊनची बाटली घेऊन जा. खरंय का हे? आणि गोव्यात हीटर लागतो का, इथे तर बारा महिने घाम. खाण्यासाठी सगळे बीफ हार्ट सांगतात पण ते आमच्या घरात येणार नाही, श्रावणात तर फ्रीजमध्ये सुंगटंसुद्धा (कोळंबी) आई ठेवू देत नाही, तर पर्याय काय. टँक हॉलमध्ये ठेवायचाय, तिथेच चवथीला गणपती बसतो, माटोळी (गणपतीवरचा फळापानांचा मांडव) बांधतो, पाच दिवस धूप आरती फटाके, त्याचा माशांना त्रास होईल का? बायको म्हणते झाडं लावूया, दुकानदार म्हणतो तळ मोकळा ठेवा. घाई अजिबात नाहीये, नीट करायचंय, जाणकारांनी सांगा.

डिचोलीची_ताई

दादा, घाई नाही हे वाचून खूप बरं वाटलं, डिस्कसच्या बाबतीत निम्मं काम तिथेच होतं. मी डिचोलीला असते, सात वर्षं डिस्कस आहेत घरी. सुरुवातीच्या सहामधले चार मी एका रात्रीत गमावले, ते कसे गेले ते सविस्तर सांगते कारण तुमचं पाणी आणि माझं पाणी एकाच प्रकारच्या दगडातून येतं.

आधी मोजायचं कसं ते. विहिरीतून कळशी काढल्या काढल्या पीएच बघू नका, तो आकडा फसवतो. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो त्यामुळे पीएच खाली दिसतो, तो उडून गेला की वर येतो. माझ्याकडे ताज्या पाण्याचा ५.८ यायचा आणि तीच बादली एअर स्टोन लावून दुसऱ्या दिवशी बघितली की ६.७. म्हणून एक बादली भरा, चोवीस तास हवा सोडा, मग पीएच, टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि केएच तिन्ही मोजून इथे टाका. केएच नक्की मोजा, लोक तेवढंच विसरतात. त्याच बादलीत तळाला तांबूस गाळ बसतोय का तेही बघा, आमच्या खाणपट्ट्यात लोह येतं पाण्यात, मी त्यासाठी २०० लिटरच्या ड्रममध्ये एक दिवस पाणी हवा सोडून ठेवते आणि वरचं वरचं घेते.

आता मऊ पाणी. चिऱ्याच्या जमिनीत चुना जवळजवळ नसतो म्हणून आपल्या विहिरींचं पाणी मऊ आणि जरा आंबटाकडे झुकलेलं. डिस्कस ॲमेझॉन खोऱ्यातले, त्यांची एक जात जिथली आहे ती रिओ नेग्रो नदी तर कोऱ्या चहासारखी काळपट, पानं कुजून कुजून तिचा पीएच ५ च्याही खाली जातो. म्हणजे चेन्नईचे लोक ज्या पाण्यासाठी मशीन लावतात ते आपल्याकडे परसात आहे. पण मऊ पाण्याला आधार नसतो. केएच म्हणजे पीएच धरून ठेवणारी शक्ती समजा. ती १ वर आली की माशांची घाण, उरलेलं खाणं या सगळ्याच्या आम्लाने पीएच हळूहळू घसरतो, आणि मासे त्या घसरणीला सवय करून घेतात त्यामुळे बाहेरून काही कळत नाही.

माझं तेच झालं. टँक चार महिन्यांचा, मासे छान खात होते, मी पीएच बघणं सोडून दिलं होतं. तो आत ५.५ वर जाऊन बसलेला. पीएच ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले बॅक्टेरिया जवळजवळ काम थांबवतात, म्हणजे अमोनिया साठत जातो, पण आंबट पाण्यात तो अमोनियम या रूपात असतो आणि ते फारसं विषारी नसतं, म्हणून मासे जिवंत. त्या रविवारी विहिरीचा पंप बिघडला होता म्हणून मी निम्मं पाणी नळाचं भरलं. क्लोरीनचं औषध घातलं होतं, तापमान जुळवलं होतं. पीएच साडेपाचावरून सव्वासातावर गेला. पीएच १ ने वाढला की विषारी अमोनियाचा भाग दहापट होतो, म्हणजे माझ्याकडे तो पन्नासपट झाला, स्वच्छ पाणी घालून. वीस मिनिटांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, अंगावरचे पट्टे काळे पडले, सगळ्यात मोठा होता तो आडवा झाला आणि त्याचा वरचा कल्ला नुसता थरथरत होता. रात्री अकरापर्यंत चार गेले. ते दृश्य अजून डोळ्यासमोर आहे म्हणून एवढं लांबवलं.

उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे. तिसऱ्या केल्या की शिंपल्या टाकू नका, उकळायच्या, ब्रशने आतून बाहेरून घासायच्या, दोन दिवस उन्हात वाळवायच्या आणि मूठभर, फक्त मूठभर, जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरच्या पाण्याच्या वाटेत ठेवायच्या. शिंपली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पाणी आंबट व्हायला लागलं की ती विरघळून केएच देते आणि पीएच वर आला की विरघळणं मंदावतं. सहा वर्षं माझा केएच २ ते ३ मध्ये आणि पीएच ६.६ ते ६.९ मध्ये आहे. पीएच डाऊनची बाटली कृपा करून घेऊ नका, ती उरलासुरला केएच खाते. दुकानात मिळणारे डिस्कस टँकमध्येच पैदास झालेले असतात, त्यांना ६.५ ते ७.५ मधला कुठलाही पीएच चालतो, तो रोज वरखाली झालेला चालत नाही.

बाकीचं रात्री लिहिते, आता मुलांचे डबे करायचेत.

वास्को_चौथा_मजला

ताईंनी पाण्याचं सगळं सांगितलंय, मी वीज आणि स्टँडचं सांगतो. माझं वास्कोला, साळावली धरणाचं नळाचं पाणी, त्यामुळे विहिरीचं मला काही माहीत नाही.

चिऱ्यांचा कट्टाच करा, डोळे मिटून. ३४० लिटर म्हणजे ३४० किलो पाणी, वर काच ७५ ते ८० किलो, म्हणजे जवळजवळ सव्वाचारशे किलो झालेच, दगड वेगळे. माझा लोखंडी स्टँड खाऱ्या हवेने तीन वर्षांत वेल्डिंगच्या जागी खाल्ला, एका संध्याकाळी खाली गंजाचे पापुद्रे पडलेले दिसले आणि मासे बादल्यांत काढून टँक रिकामा करावा लागला. फोंड्याला एवढा खारा वारा नाही तरी पावसात ओल असतेच. चिऱ्यांवर सिमेंटचा गिलावा, वर पाण्याच्या पातळीने लेव्हल बघून घ्या, मग मरीन प्लाय, त्यावर थर्माकोलची शीट आणि त्यावर टँक. जुन्या घराची जमीन कुठे खचलीय का ते आधी बघा, भिंतीला धरून ठेवा, लाकडी माडीवर चुकूनही नको.

हीटर लागतो भाऊ. घाम आपल्याला येतो, पाण्याला नाही. डिस्कसला २८ ते ३० डिग्री पाहिजे, जुलैमध्ये पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा माझं पाणी २५-२६ ला येतं आणि तुमच्या बाजूला डिसेंबर जानेवारीत पहाटे अजून खाली जाणार. २०० वॉटचे दोन घ्या, ४०० चा एक नको. एक बंद पडला तर दुसरा तापमान धरतो, आणि थर्मोस्टॅट चिकटून एक चालूच राहिला तर २०० वॉटने एवढं पाणी उकडायला वेळ लागतो, तोपर्यंत तुम्ही बघाल. हीटरच्या आकड्यावर विश्वास नको, काचेचा साधा थर्मामीटर ठेवा. पाणी बदलताना आधी प्लग काढायचा, तापलेली नळी हवेत उघडी पडली आणि वरून गार पाणी पडलं की तडकते. वायर प्लगच्या खाली लोंबकळू दे म्हणजे थेंब ओघळून सॉकेटमध्ये जात नाही, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत ते बहुतेक नावापुरतं असतं.

मे महिन्याची भानगड उलटी आहे, पाणी आपोआप ३१ ला जातं. २० डिग्रीच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसात, म्हणून हवा जास्त लागते. लाईट गेली की गोव्यात तापमानाची काळजी करू नका, ३४० लिटर पाणी तासातासाने गार होत नाही, ऑक्सिजन आधी संपतो. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, हीटर नको. बॅटरीवाला छोटा पंपही मिळतो, तो एक आणून ठेवा, पावसात झाड पडून लाईट गेली की आठ आठ तास येत नाही.

गणपतीचं म्हणाल तर आरतीच्या आवाजापेक्षा एअर पंपाकडे लक्ष द्या. पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणजे धूप, मच्छर अगरबत्ती, फवारा सगळं पाण्यात. पंप दुसऱ्या खोलीत, उघड्या खिडकीशी ठेवून लांब नळी आणा. डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे त्या हॉलमध्ये कधीच मारायचा नाही, त्यातलं औषध माणसाला सोसतं, माशाला अगदी थोडंही पुरतं.

पाण्यातला_मडगावी

मी थोडा वेगळा बोलतो, राग नसावा. आरओ अगदीच वाईट नाही. मी पैदास करतो आणि त्यासाठी मला आरओ लागतं. पाण्यात क्षार जास्त असले की अंडी पांढरी पडतात, पिल्लं बाहेर येत नाहीत. जोडीच्या टँकमध्ये माझा टीडीएस ८० च्या आत असतो. नुसतं पाळायचं असेल तर दादांना गरज नाही हे मान्य, आणि एक बादली आरओ मागे दोन तीन बादल्या पाणी वाया जातं, मे महिन्यात विहीर तळाला गेल्यावर ते बघवत नाही.

डिचोलीची_ताई

@पाण्यातला_मडगावी राग कसला, पैदाशीला तुमचं बरोबरच आहे. पण दादा अजून पहिले मासे आणताहेत, त्यांच्या विहिरीचा टीडीएस बहुतेक शंभराच्या आतच निघेल बघा. पिल्लं आईबापाच्या अंगावरून खातात ते तुमच्याकडे बघायला मिळतं ना? मला एकदाच मिळालं.

पाण्यातला_मडगावी

हो ताई, दर वेळी तेवढंच नवल वाटतं. पिल्लं पोहायला लागली की थेट आईच्या किंवा बापाच्या अंगाला जाऊन चिकटतात आणि कातडीवर सुटलेला चिकट थर खातात, पहिले काही दिवस तेच त्यांचं जेवण. एक थकला की झटक्यात अंग झाडतो आणि सगळी फौज दुसऱ्याच्या अंगावर जाते. या दोघांना वेगळं काढलं की पिल्लं वाचवणं महाकठीण. म्हणूनच सांगतो दादा, त्या टँकमध्ये साधा काळा सकर मासा टाकू नका, तो रात्री डिस्कसच्या अंगाला चिकटून तोच थर ओरबाडतो. एंजलही नको, ते स्वतः धडधाकट दिसतात पण आतले जंतू डिस्कसला देतात. सोबत हवीच असेल तर कार्डिनल टेट्रा आणि स्टर्बाय कोरी, दोघांना २९ डिग्री सोसते.

चिऱ्याचं_घर

देव बरें करूं सगळ्यांना. एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. बादली ठेवली चोवीस तास. ताजा पीएच ५.९, दुसऱ्या दिवशी ६.६, टीडीएस ५४, केएच १. तांबूस गाळ नाही. कट्टा चिऱ्यांचाच करतोय, गवंडी सोमवारी येतो. रविवारी तिसऱ्या आणल्या, शिंपल्या गच्चीवर वाळत घातल्यात, आई विचारत होती हे काय, तिला सांगितलं माशांचं औषध आहे.

एंजल दुसऱ्या टँकमध्येच राहतील. आता खाण्याचं आणि मासे कुठून कसे घ्यायचे ते सांगा. आणि झाडांचं राहिलं.

डिचोलीची_ताई

खाण्याचं सांगते, आमच्याकडेही बीफ हार्ट येत नाही आणि माझे मासे सहा इंचांचे आहेत. मध्यम सुंगटं घ्यायची, सोलून धागा काढायचा, मीठ हळद काही नाही. उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकून काढायची, मग हाडं नसलेला पांढरा मासा तेवढाच, थोडा उकडलेला पालक, स्पिरुलिनाची पावडर एक चमचा, सगळं मिक्सरमधून काढायचं, अगदी पेस्ट नाही करायची, दाणेदार ठेवायचं. चायना ग्रास विरघळवून त्यात मिसळायचं आणि पिशवीत घालून चपातीसारखं पातळ थापून फ्रीझरला. घट्ट झालं की सुरीने चौकोन पाडून ठेवते मी, सकाळी एक चौकोन वाटीत टँकचंच पाणी घेऊन त्यात सुटा करायचा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि लगेच श्रावण चवथ येते, म्हणून मेमध्येच मोठा घाणा करते. श्रावणात आमच्याकडेही फ्रीजचा प्रश्न होता, शेजारच्या घरी एक झाकणाचा डबा ठेवते. त्या दिवसांत चांगल्या पेलेट्सवर मासे आरामात राहतात, फक्त आधीपासून सवय लावायला हवी नाहीतर तोंड फिरवतात. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) अजिबात नको, गटारातल्या चिखलातून येतात ते, रोग घेऊनच येतात. लहान असतील तर दिवसातून चार वेळा थोडं थोडं, आणि पंधरा मिनिटांनी उरलेलं नळीने ओढून काढायचं.

म्हणूनच तळ मोकळा म्हणतात. वाळू खडीत उरलेलं खाणं अडकतं, एवढ्या गरम पाण्यात ते चार तासांत सडतं. वहिनींना सांगा पहिले सहा महिने मोकळा तळ, पण लाकडाच्या ओंडक्याला ॲनुबियस आणि जावा फर्न बांधा, मातीच्या छोट्या कुंडीत ॲमेझॉन स्वॉर्ड लावा, ही तिन्ही गरम पाण्यात टिकतात आणि उचलून बाजूला करता येतात. देशी बदामाची गळून पडलेली लाल सुकी पानं मिळाली तर धुऊन एक दोन टाका, पाणी चहासारखं होतं आणि मासे निवांत होतात, पण तुमचा केएच १ आहे म्हणून शिंपल्या आधी, पान नंतर.

मासे आणण्याआधी फिल्टर पिकवायचा, म्हणजे त्यात बॅक्टेरिया वाढवायचे, हे तुम्हाला माहीतच असणार, तरी सांगते. दोन मोठे स्पंज फिल्टर लावा, तुमच्या एंजलच्या टँकचा फिल्टर नवीन टँकच्या पाण्यात पिळू नका, त्यातून जंतू येतील. नुसतं अमोनियम क्लोराइड घालून २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) अमोनिया करा आणि वाट बघा. आधी अमोनिया खाली येतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही शून्य होतं. चार ते सहा आठवडे लागतात. चोवीस तासांत २ पीपीएम अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की टँक तयार. या सगळ्यात शिंपल्या आत पाहिजेतच, नाहीतर पीएच पडून तुमचे बॅक्टेरिया वाढणारच नाहीत.

पाण्यातला_मडगावी

खरेदीचं मी सांगतो. दीड दोन इंचांचे स्वस्त मिळतात, ते घेऊ नका, त्या वयात त्यांना रोज पाणी बदलून वाढवावं लागतं, थोडं चुकलं तर आयुष्यभर खुजे राहतात. ३ इंचांच्या वरचे घ्या आणि सहा एकदमच घ्या. दोन तीन आणले तर एक दादा होतो आणि बाकीच्यांना कोपऱ्यात कोंबतो, सहांमध्ये त्याचा राग वाटला जातो.

दुकानात दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं. डोळा बघा, अंगाच्या मानाने डोळा मोठा वाटला की तो मासा वयाने मोठा आणि वाढीने खुजा. दोन्ही कल्ले हलताहेत का, एकच हलत असेल तर कल्ल्यात कृमी असू शकतात. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर नको. मग दुकानदाराला खायला घालायला सांगा, जो पुढे येऊन खातो तो घ्या. माझ्या ओळखीतल्या एकाने न बघता फोटोवरून मागवले होते, रात्रीच्या बसने आले, पिशवी उघडली तेव्हा पाणी पिवळं आणि मासे काळे.

लांबून आलेल्या पिशवीत एक गोष्ट लक्षात ठेवा, ताईंच्या टँकमध्ये झालं तेच पिशवीत होतं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आणि अमोनिया वर असतो, पिशवी उघडून तासभर थेंब थेंब पाणी सोडत बसलात तर पीएच वर जातो आणि मासा त्याच विषात बसतो. पिशवी न उघडता वीस मिनिटं तापमान जुळवा, मग उघडल्यावर लगेच माशांना जाळीने काढून टँकमध्ये, पिशवीतलं पाणी बाहेर. पहिला दिवस लाईट बंद, खाणं नाही.

चिऱ्याचं_घर

अपडेट देतो, उशीर झाला माफ करा. नायट्राइट बाराव्या दिवशी चढायला लागलं आणि किटचा रंग इतका गडद जांभळा झाला की मला वाटलं काहीतरी चुकलं, पण थांबलो, चौतिसाव्या दिवशी शून्य. शिंपल्यांनी केएच ३ वर आलाय, पीएच ६.८ ला थांबलाय, तीन आठवडे हलला नाही.

सहा डिस्कस आणले, साडेतीन इंचांचे, दुकानात दोन वेळा जाऊन बघून घेतले. आज नववा दिवस. पहिले पाच दिवस कोणी खाल्लं नाही, सगळे मागच्या कोपऱ्यात एकाला एक चिकटून, मला रात्री झोप नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी सुंगटांचे दाणे टाकले तर एक लाल मासा हळूच पुढे आला, तोंड खाली करून तळावर पाण्याची फुंकर मारली, दाणा उडाला आणि त्याने तो टिपला. असं फुंकर मारून खातात हे मला माहीत नव्हतं. आता पाच जण खाताहेत. आई अंधारात एकदम हॉलचा दिवा लावत नाही, आधी स्वयंपाकघरातला लावते, मासे दचकून काचेवर आपटतात हे तिनेच आधी बघितलं.

दोन शंका. काल पहाटे थंडी होती, एका हीटरचा दिवा सतत चालू आणि पाणी २७.५ होतं. आणि सहावा मासा, निळसर आहे तो, फिल्टरच्या मागे उभा असतो, रंग गडद. मडगावच्या दादांनी सांगितलेली पांढरी विष्ठा वगैरे बघतोय पण घाबरायला झालंय. औषध आणून ठेवू का मेट्रोनिडाझोल?

वास्को_चौथा_मजला

हीटर एकच चालू दिसतोय म्हणजे दुसऱ्याचा आकडा कमी लागलाय, दोन्ही हीटर थर्मामीटर बघून २९ ला जुळवा. टँकला वर झाकण आहे ना? काच किंवा ॲक्रिलिक टाका, उष्णता बहुतेक वरूनच जाते.

डिचोलीची_ताई

दादा, औषध आत्ता नको. सहांमध्ये एक शेवटचा असतोच आणि तो गडद होऊन बाजूला राहतो. त्याला तीन गोष्टी बघा, खाणं तोंडात घेऊन थुंकतो की गिळतो, विष्ठा काळपट की पांढरी दोरी, आणि कपाळ डोळ्यांच्या वर सपाट आहे की आत गेलंय. पांढरी दोरी आणि खाणं बंद असेल तर आतडीतले जंतू समजायचं, तेव्हा वेगळ्या टँकमध्ये काढून औषध, सगळ्यांच्या पाण्यात नाही. तोवर फिल्टरच्या विरुद्ध कोपऱ्यात दुसरा एक ओंडका उभा करा म्हणजे त्याला मोठ्याच्या नजरेआड जागा मिळेल, आणि खाणं एकाच जागी न टाकता दोन टोकांना टाका. पाणी एक दिवसाआड चौथा हिस्सा, ड्रममध्ये आदल्या रात्री हवा सोडून ठेवलेलं आणि तापमान जुळवलेलं.

चिऱ्याचं_घर

आत्ता अर्धा तास खुर्ची टाकून बसलो समोर. दोन टोकांना टाकलं तर तो फिल्टरच्या मागून आला, तीन दाणे घेतले, तिन्ही गिळले. विष्ठा काळपट आहे, कपाळ भरलेलं. परसात फणसाच्या खाली एक सुका ओंडका आहे, तो चालेल का की वेगळं लाकूड लागतं?

डिचोलीची_ताई

फणसाचा नको, तो पाण्यात कुजेल आणि चीक सोडेल. दुकानातून ड्रिफ्टवुड घ्या आणि तीन चार दिवस भिजवून रोज पाणी बदला, बुडायला लागलं की टँकमध्ये ठेवा. तोपर्यंत मातीची कुंडी आडवी ठेवून चालेल, रंग न लावलेली.